मायकेल फॅरेडे : तरंगत्या खोलीतला माणूस

मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मला सांगितलं गेलं, तेव्हा मी ते आधी हसण्यावारी नेलं. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी म्हणजे आठवड्यातले तीन-चार तास आणि परीक्षेच्या आदल्या रात्रीचं पाठांतर, बस्स! तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या. पण या सेमिस्टरमध्ये आमच्या खोलीत जे घडलं ते मला इंग्रजीत लिहिताच येईना. कारण ते ज्या मुलीमुळे कळलं ती मराठीत विचार करते. आणि ज्या माणसाबद्दल कळलं, तो आयुष्यभर अवघड गोष्ट साध्या भाषेत सांगायची धडपड करत राहिला.

तो माणूस म्हणजे मायकेल फॅरेडे. बारावीच्या फिजिक्समध्ये त्याचा एक नियम असतो, त्यावर दोन गणितं येतात, आणि आपण पुढच्या धड्याला लागतो. मलाही तो तेवढाच माहीत होता.

सुरुवात मात्र झाली एका फटाक्याने.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता डीसी मोटरचा स्पीड कंट्रोल. लॅबमधली २२० व्होल्टची मोटर, डिमरस्टॅट आणि रेक्टिफायर लावून केलेला २२० व्होल्टचा डीसी सप्लाय, आणि एकावर एक असे दोन मॉसफेट. त्यांना चालू-बंद करणारी ड्रायव्हर चिप आयआर२११०, म्हणजे प्रोजेक्टवाल्यांची लाडकी. गटात आम्ही दोघी. मी, आणि माझी रूम पार्टनर. ती डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली. चाकणजवळच्या गावची, वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. हाताला भयंकर हुशार, पण एम-थ्री राहिलेला आणि इंग्रजीत बोलायचं म्हटलं की गप्प. त्यामुळे आमची वाटणी आपोआप झाली. सोल्डरिंग तिचं, बोलणं माझं.

पहिल्यांदा सप्लाय दिला आणि तीन सेकंदांत चिपच्या डोक्याला भोक पडलं. आवाज असा झाला की शेजारच्या टेबलावरची मुलं खाली वाकली! दोन दिवसांवर रिव्ह्यू होता. सरांनी विचारलं, चिप का गेली? मी ड्युटी सायकल, गेट चार्ज, फॉर्म्युले, सगळं धडाधड सांगितलं. सर शांतपणे म्हणाले की हे ठीक आहे, पण चिप का गेली? मला माहीत नव्हतं. पार्टनर शेजारी मल्टिमीटर हातात धरून उभी होती. ती काहीच बोलली नाही.

रात्री खोलीत तिने मला सांगितलं. तिला आधीपासून माहीत होतं!

आता थोडं टेक्निकल सांगते, कारण त्याशिवाय फॅरेडेची गंमत कळणार नाही. मॉसफेट नीट चालू व्हायला त्याच्या गेटला दहा-पंधरा व्होल्ट लागतात. पण ते कशाच्या तुलनेत? जमिनीच्या नाही, त्याच्या स्वतःच्या सोर्सच्या तुलनेत. खालच्या मॉसफेटचा सोर्स जमिनीलाच बांधलेला असतो, त्यामुळे तिथे काही प्रश्न नाही. वरच्याचा सोर्स मात्र मोटरला जोडलेला. तो चालू झाला की त्याची स्वतःची फरशीच उचलली जाऊन २२० व्होल्टवर जाते. म्हणजे त्याला चालू ठेवायला गेटवर जमिनीपासून २३५ व्होल्ट पाहिजेत, आणि असा सप्लाय आपल्या सर्किटमध्ये कुठेच नाही. ड्रायव्हर चिपचा वरचा अर्धा भागही त्याच उचललेल्या फरशीवर बसलेला. त्याला जेवायला कोण घालणार?

पार्टनरने लिफ्टचं उदाहरण दिलं. समजा लिफ्टमध्ये एक माणूस आहे आणि त्याला पाणी हवं आहे. नळ फक्त तळमजल्यावर. मग लिफ्टमध्येच एक बादली ठेवायची. लिफ्ट खाली आली की बादली भरून घ्यायची, वर गेली की बादलीही त्याच्याबरोबर वर. ही बादली म्हणजे कपॅसिटर. नळाच्या पाइपात एकेरी झडप, ती म्हणजे डायोड. या युक्तीला बूटस्ट्रॅप म्हणतात. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ साली एक दिवसाआड पाणी सुरू झालं तेव्हा ज्यांनी बादल्या भरून ठेवल्या, त्यांना हे वेगळं शिकवायला नको.

मी काय केलं होतं, तर ड्रॉवरमध्ये सापडला म्हणून साधा १एन४००७ डायोड लावला होता. तो पन्नास हर्ट्झच्या रेक्टिफायरसाठी उत्तम, पण बंद व्हायला फार वेळ घेतो. आमचं सर्किट सेकंदाला वीस हजार वेळा चालू-बंद होत होतं. झडप मिटायच्या आत लिफ्ट वर, आणि गच्चीवरचं पाणी उलटं तळमजल्याच्या नळात! तिथे यूएफ४००७ सारखा झटपट मिटणारा डायोड पाहिजे होता. हे सगळं तिने दुकानातल्या भाषेत, पाच मिनिटांत सांगितलं. मी विचारलं, मग तू रिव्ह्यूला का नाही बोललीस? ती म्हणाली, तिथे इंग्रजीत बोलावं लागतं ना.

मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, तेवढ्यापुरतंच.

डायोड बदलला. मोटर फिरली! पण नवीनच भानगड. नॉब पूर्ण उघडला की मोटर एकदम थांबायची. कारण सोपं होतं. पूर्ण स्पीड म्हणजे वरचा मॉसफेट सतत चालू, म्हणजे लिफ्ट कायम वर. खाली येतच नाही तर बादली भरणार कधी? कपॅसिटर काही मिलिसेकंदांत उतरतो, आणि आठ-नऊ व्होल्टच्या खाली गेला की चिप स्वतःच गेट बंद करते. सर म्हणाले, बादली सोडा, वरच्या मजल्याला स्वतंत्र सप्लाय द्या. तयार मॉड्यूल मिळतं, पण घेऊ नका, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळा.

शनिवारी मेट्रोने मंडईला उतरून आम्ही तपकीर गल्ली पालथी घातली. एक फेराइटची रिंग, सुपर एनामल वायर, कॉटन टेप. रात्री पार्टनर पलंगावर मांडी घालून बसली आणि तिने रिंगच्या एका अर्ध्या भागावर एक कॉइल आणि समोरच्या अर्ध्या भागावर दुसरी अशी गुंडाळायला घेतली, मध्ये मोकळी जागा ठेवून, थराथरात टेप घालत. मी तेवढ्यात रिपोर्टचा इंट्रोडक्शन लिहीत होते. ट्रान्सफॉर्मरचा इतिहास म्हणून फॅरेडेच्या रिंगचा फोटो उघडला आणि दचकलेच. लोखंडाची रिंग, एका अर्ध्यावर एक कॉइल, समोर दुसरी, मध्ये फट, थरांमध्ये कापड आणि सुतळी. १८३१ सालची वस्तू, आणि जणू पार्टनरच्या मांडीवर ठेवलेली!

त्या रात्री रिपोर्ट राहिला. पहाटेपर्यंत मी फॅरेडे वाचत बसले.

* * *

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार, आणि प्रकृतीने खचलेले. घरात चार मुलं. १८०१ च्या महागाईत आई त्याला एक पाव द्यायची आणि तो आठवडाभर पुरवायचा, असं सांगतात. शाळा म्हणजे वाचणं, लिहिणं आणि जेमतेम अंकगणित. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रं पोचवणारा पोऱ्या म्हणून लागला, आणि पुढच्याच वर्षी, १८०५ मध्ये, त्याच्याकडेच पुस्तकं बांधायचं काम शिकायला राहिला. सात वर्षांचा करार.

बाकीची पोरं पुस्तकं बांधत. हा बांधता बांधता वाचत असे. बांधणीला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातला विजेवरचा लेख त्याने वाचला. जेन मार्सेट या बाईंनी सोप्या संवादांच्या रूपात लिहिलेलं केमिस्ट्रीचं पुस्तक वाचलं. मार्सेटबाईंचे उपकार तो मोठा झाल्यावरही विसरला नाही. पण नुसतं वाचून त्याचं समाधान व्हायचं नाही. लिहिलेलं खरं आहे का ते करून बघायचं! पैसे साठवून काचेची बाटली आणून त्याने घर्षणाने वीज करणारं यंत्र बनवलं. तांब्याची सात नाणी, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद एकावर एक रचून बॅटरी केली. आपल्या भाषेत, तपकीर गल्लीतलाच मुलगा म्हणायचा.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचा स्टार. सोडियम, पोटॅशियम शोधणारा, देखणा, बोलण्यात पटाईत. वीस-एकवीस वर्षांचा फॅरेडे वर गॅलरीत बसून टिपणं काढत होता. घरी येऊन त्याने ती पक्की केली, आकृत्या काढल्या, तीनशे पानांचा ग्रंथ झाला. तो स्वतःच्या हातांनी छान बांधून त्याने डेव्हीला पाठवून दिला आणि नोकरी मागितली. डेव्ही भेटला, चांगलं बोलला, आणि बुकबाइंडिंगच कर म्हणाला. पण थोड्याच दिवसांत प्रयोगशाळेतल्या एका मदतनिसाला मारामारी केल्याबद्दल काढून टाकलं, आणि मार्च १८१३ मध्ये फॅरेडेची वर्णी लागली. आठवड्याला पंचवीस शिलिंग आणि वरच्या मजल्यावर राहायला दोन खोल्या. आपल्याला कॅम्पसमध्ये पॅकेज मिळतं तेव्हा जेवढा आनंद होतो, त्याच्या दहापट त्याला झाला असेल.

त्याच वर्षी डेव्ही पत्नीसह युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याच्या नोकराने ऐन वेळी यायला नकार दिला, म्हणून फॅरेडेला शास्त्रीय मदतनीस आणि नोकर अशी दोन्ही कामं अंगावर पडली. दीड वर्षात त्याने अँपियर पाहिला, व्होल्टा पाहिला. फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाखाली हिरा जळताना पाहिला. पण डेव्हीच्या पत्नीने त्याला कायम नोकरासारखंच वागवलं. जेवायला नोकरांच्या टेबलावर. तो इतका दुखावला की सगळं सोडून परत पुस्तकं बांधायला जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं.

हे वाचताना मी पलीकडच्या पलंगाकडे बघितलं. मी काही तिला नोकर म्हणून वागवलं नव्हतं. पण आमच्या गटात सोल्डरिंग तिचं आणि बोलणं माझं, हे कोणी ठरवलं होतं?

फॅरेडे सुदैवाने टिकला. १८२० मध्ये ओर्स्टेडने दाखवलं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसूची हलते. सगळं युरोप त्यावर गणितं मांडत होतं. फॅरेडेला गणित येत नव्हतं, म्हणून त्याने सूची तारेभोवती फिरवून फिरवून बघितली, आणि त्याच्या डोळ्यांसमोर एक वर्तुळ उभं राहिलं. सप्टेंबर १८२१ मध्ये पाऱ्याच्या वाटीत चुंबक उभा करून त्याच्याभोवती करंट वाहणारी तार गोल गोल फिरवून दाखवली. जगातली ही पहिली इलेक्ट्रिक मोटर म्हणता येईल. आज भोसरी-चाकणच्या प्रत्येक शेडमध्ये जे फिरतंय, त्याचं मूळ ती वाटी.

पण कौतुकाऐवजी आरोप झाला. वोलास्टन नावाच्या ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या कल्पनेवर हात मारला, अशी कुजबुज सुरू झाली. १८२४ मध्ये रॉयल सोसायटीवर निवड व्हायची वेळ आली तेव्हा खुद्द डेव्हीने विरोध केला. तो तेव्हा सोसायटीचा अध्यक्ष होता. तरी फॅरेडे निवडून आला, विरोधात फक्त एक मत. आणि त्याचा मोठेपणा बघा, पुढे आयुष्यभर तो डेव्हीबद्दल आदरानेच बोलला.

आता २९ ऑगस्ट १८३१. पाऊण इंचाहून थोडी जाड लोखंडी सळई वाकवून केलेली सहा इंच व्यासाची रिंग. तेव्हा एनामल वायर नव्हतीच. उघडी तांब्याची तार, वेढ्यांमध्ये सुतळी आणि थरांमध्ये सुती कापड, असं इन्सुलेशन. सूत आणि कापड सफाईने बसवायचे हात त्याच्याकडे कुठून आले, हे सांगायला नकोच. सात वर्षांची बुकबाइंडिंग! एका बाजूच्या कॉइलला बॅटरी जोडली, दुसऱ्या बाजूच्या कॉइलशी सूची. दोन्हींमध्ये तारेचा काडीइतकाही संबंध नाही. बॅटरी जोडली आणि सूची हलली. मग परत जागेवर. बॅटरी काढली, सूची पुन्हा हलली, उलट्या दिशेने. मधल्या वेळात, करंट वाहत असतानाही, काहीच नाही.

दुसरा कोणी असता तर सूचीच खराब आहे म्हणाला असता. फॅरेडेने ओळखलं की असण्याने काही होत नाही, बदलण्याने होतं. पुढच्या दोन महिन्यांत त्याने कॉइलमध्ये चुंबक आत-बाहेर करून वीज काढली, तांब्याची चकती चुंबकाच्या दांड्यांमध्ये फिरवून सलग वीज काढली. पहिला ट्रान्सफॉर्मर आणि पहिला जनरेटर, एका पावसाळ्यात.

आमच्या प्रोजेक्टला नेमकं हेच हवं होतं. तारेचा संबंध न ठेवता एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर ताकद पोचवायची. आणि करंट सारखा बदलत ठेवला तरच ती पोचते, म्हणून खाली ५५५ टायमर आणि दोन छोटे ट्रान्झिस्टर लावून तो सतत उलटसुलट करायचा. वर पोचला की डायोड-कपॅसिटरने परत डीसी. मध्ये फट ठेवून समोरासमोर गुंडाळण्याचाही फायदा आहे. दोन कॉइल्स अंगाला अंग लावून असतील तर त्यांच्यातच एक नको असलेला कपॅसिटर तयार होतो, आणि वरचा मजला झटक्यात २२० व्होल्ट उडी मारतो तेव्हा त्यातून खालच्या सर्किटमध्ये धक्के येतात. पार्टनरने हे पुस्तकात वाचलं नव्हतं. वडिलांनी सांगितलं होतं म्हणाली, दोन वाइंडिंगना एकमेकांपासून लांब ठेवावं.

* * *

पण मला पहाटे तीन वाजता जागं ठेवलं ते रिंगने नाही, खोलीने.

जानेवारी १८३६ मध्ये फॅरेडेने रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्याख्यानाच्या हॉलमध्ये बारा फूट लांब, बारा फूट रुंद, बारा फूट उंच अशी एक खोलीच उभारली. लाकडी सांगाडा, त्यावर तांब्याची तार, कागद आणि कथलाचा पातळ पत्रा. सगळी खोली जमिनीपासून इन्सुलेटरवर उचलून धरलेली. मग मोठ्या विद्युत यंत्राने तिच्यावर चार्ज चढवला, बाहेरच्या कोपऱ्यांतून ठिणग्या उडू लागल्या. आणि फॅरेडे आत जाऊन राहिला! जळत्या मेणबत्त्या, इलेक्ट्रोमीटर, जे म्हणून वीज ओळखू शकेल ते सगळं आत घेऊन. त्याला आत काहीही सापडलं नाही. खोली जमिनीपेक्षा हजारो व्होल्ट वर होती, आणि आत बसलेल्या माणसाला पत्ताही नव्हता.

पुस्तकात हे आपण फॅरेडे केज म्हणून दोन ओळीत वाचतो. गाडीत वीज पडली तर माणूस वाचतो वगैरे. पण मला त्या रात्री कळलं की आमची आयआर२११० चिप अशाच खोलीत बसली आहे. तिच्या वरच्या अर्ध्या भागाची खोली वीस हजार वेळा वर-खाली होते. तिला त्याच्याशी देणंघेणं नाही. तिला फक्त तिच्या खोलीतले पंधरा व्होल्ट नीट पाहिजेत, तिच्या स्वतःच्या फरशीपासून मोजलेले. व्होल्टेज नेहमी दोन जागांमध्ये असतं, एका जागी नसतंच. हे वाक्य मी पहिल्या सेमिस्टरला पाठ केलं होतं. कळलं आत्ता.

याच फॅरेडेने पुढे १८३७ मध्ये एकात एक पितळी गोळे बसवून दाखवलं की मध्ये हवा आहे, गंधक आहे की लाख आहे, यावर किती चार्ज मावतो ते बदलतं. म्हणजे आमची बादलीसुद्धा त्याचीच, म्हणून तर कपॅसिटन्स फॅरडमध्ये मोजतात. आणि १८३३ मध्ये त्याच्या लक्षात आलं होतं की सिल्व्हर सल्फाइड तापवलं की धातूंच्या उलट वागतं, त्यातून वीज जास्त सहज वाहू लागते. सेमीकंडक्टरच्या या स्वभावाची ती पहिली नोंद. त्याने ती वहीत लिहून ठेवली, कारण दिसेल ते लिहायची सवयच होती. प्रयोगांच्या वहीतल्या परिच्छेदांना तो नंबर द्यायचा, ते नंबर शेवटी सोळा हजारांच्या पुढे गेले. कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, सेमीकंडक्टर, तरंगती खोली... एका छोट्या ड्रायव्हर सर्किटमध्ये एकच माणूस चार ठिकाणी भेटला.

त्याचं पुढचं आयुष्य मात्र सोपं नव्हतं. चाळिशीच्या शेवटाला त्याची प्रकृती बिघडली, चक्कर यायची, आठवण दगा द्यायची. काही वर्षं मोठं काम जवळजवळ थांबलं. तो परत उभा राहिला आणि १८४५ मध्ये जड काचेतून जाणारा प्रकाश चुंबकाने वळतो हे दाखवलं. पैशाच्या मागे लागला नाही. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. क्रिमियाच्या युद्धात सरकारने विषारी वायूच्या शस्त्राबद्दल विचारलं, तेव्हा आपण यात हात घालणार नाही असं त्याने कळवलं. नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं द्यायची प्रथा रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून सुरू झाली, त्यातल्या एकोणीस मालिका एकट्या फॅरेडेच्या. एक मेणबत्ती घेऊन तो मुलांना सगळी केमिस्ट्री समजावून सांगायचा.

एक दुःख मात्र कायम राहिलं. चुंबकाभोवती अवकाशात रेषा पसरलेल्या असतात, हे त्याला दिसत होतं. पण गणित येत नसल्यामुळे मोठमोठे विद्वान ते मनावर घेत नसत. मग जेम्स क्लार्क मॅक्सवेल नावाचा तरुण आला. योगायोग असा की त्याचा जन्म १८३१ चा, रिंगच्याच वर्षीचा. त्याने फॅरेडेच्या रेषा गणितात मांडल्या. १८५७ मध्ये सहासष्ट वर्षांच्या फॅरेडेने त्याला पत्र लिहून नम्रपणे विचारलं की तुम्ही गणितज्ञ लोक गणिताने जे काढता, ते शेवटी साध्या भाषेतही सांगता नाही का येणार, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग तरी करता येतील.

हे वाचून मी लॅपटॉप मिटला. एवढा मोठा माणूस, आणि भाषेसाठी विनंती करतोय.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात, आपल्या खुर्चीत बसलेला असताना तो गेला. राजघराण्याच्या मोठ्या चर्चमध्ये दफन नको, असं त्याने आधीच सांगितलं होतं. हायगेटच्या स्मशानात साधा दगड आहे.

* * *

आमच्या रिंगचं काय झालं ते सांगते. पहिल्यांदा सिरीज बल्ब लावून घाबरत घाबरत चालू केलं. वरच्या सप्लायचे पंधरा व्होल्ट आले. बूटस्ट्रॅपचा डायोड काढून टाकला होता. नॉब पूर्ण उघडला, मोटर थांबली नाही. दहा मिनिटं आम्ही नुसत्या बघत बसलो होतो.

नंतर कळलं की हा प्रश्न फक्त कॉलेजातला नाही. आकुर्डीत तयार होणाऱ्या इलेक्ट्रिक चेतकच्या थ्री-फेज मोटरमागेही तो आहे. तिथे बॅटरीचं व्होल्टेज आमच्यापेक्षा बरंच कमी, पण वरच्या स्विचची फरशी तिथेही हलतेच. आणि दुसरं टोक बघायचं तर चंद्रपूर ते पडघे ही साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी लाइन, १९९९ पासूनची, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट. अशा स्टेशनातल्या थायरिस्टरजवळची कार्डं इतक्या उंच व्होल्टेजवर तरंगत असतात की खालून तार नेणं शक्यच नाही. चालू होण्याचा निरोप काचेच्या फायबरमधून प्रकाशाने जातो, आणि जेवण म्हणजे त्या थायरिस्टरवरच्याच व्होल्टेजमधून काढलेला थोडासा चार्ज. पार्टनर म्हणाली, म्हणजे तिथे लिफ्टमध्येच विहीर खणली!

दुसऱ्या रिव्ह्यूला मी सरांना आधीच विचारलं की अर्धं प्रेझेंटेशन मराठीत चालेल का. सर म्हणाले, बरोबर असेल तर कुठल्याही भाषेत चालेल. पार्टनरने फळ्यावर एक खोली काढली, तिच्याखाली इन्सुलेटर, आत एक माणूस. मग लिफ्ट, बादली आणि रिंग. सुरुवातीला आवाज कापत होता. सरांनी पहिल्या वेळचाच प्रश्न विचारला, चिप का गेली होती? तिने सांगितलं. त्या वेळी मल्टिमीटर माझ्या हातात होता.

मार्क किती पडले ते इथे सांगत नाही, ते काही विशेष नव्हते. पण तेव्हापासून रोज रात्री जेवणानंतर आमच्या खोलीत तासभर एम-थ्री चालतं. तिची अट आहे की कुठलंही समीकरण आधी मराठीत सांगायचं, मग लिहायचं. पहिले दोन दिवस मी फार अडखळले. निम्मी समीकरणं मला फक्त लिहिता येत होती, सांगता येत नव्हती, हे तेव्हा समजलं. बदल्यात ती मला वाइंडिंग शिकवते. माझी तिसरी रिंग सध्या टेबलावर पडली आहे. वेढे अजून एकमेकांवर चढतात.